डायपर सुटण्याची अट आणि दीर्घ आजारी मूल : बालवाड्या व पाळणाघरांना खुले पत्र

प्रति,
बालवाडी, नर्सरी व पाळणाघरांचे संचालक, मुख्याध्यापक आणि शिक्षकवर्ग यांस,

विषय : दीर्घ आजार असलेल्या लहान मुलांच्या प्रवेशासाठी ‘डायपर सुटलेला असावा’ ही अट काढून टाकण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

आपल्यापैकी अनेकांच्या प्रवेश अर्जात एक ओळ असते : मुलाचा डायपर पूर्णपणे सुटलेला असावा आणि शी-शू त्याला वेळेवर सांगता यावी. बहुतेक पालक त्या ओळीसमोर ‘होय’वर खूण करतात आणि पुढच्या रकान्याकडे वळतात. ज्यांच्या मुलाला दीर्घकाळ चालणारा आजार आहे त्यांचा हात मात्र तिथे अडतो, कारण ‘होय’ लिहिले तर ते अर्धसत्य ठरते आणि ‘नाही’ लिहिले तर मुलाने कष्टाने जे मिळवले आहे ते पुसले जाते. माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे आणि त्याला नेफ्रॉटिक सिंड्रोम हा मूत्रपिंडाचा विकार आहे. शू लागली की तो सांगतो, स्वतः चड्डी खाली करतो, पॉटीवर बसतो आणि नंतर हात धुतो. तरीही मधूनमधून असे आठवडे येतात की त्याला दिवसाही डायपर घालावाच लागतो. एका संस्थेने याच ओळीवर बोट ठेवून आम्हाला परत पाठवले. तिचे नाव मी लिहीत नाही, कारण ही ओळ त्या एकट्या संस्थेची नाही आणि माझे भांडण माणसांशी नसून अटीशी आहे.

शी-शूचे शिकणे आणि कोरडे राहणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. निरोगी मुलात त्या मागेपुढे, पण साधारण एकाच सुमारास साध्य होतात, त्यामुळे आपण त्यांना एकच समजून चालतो. दीर्घ आजारात त्यांची फारकत होते. मूल सगळे शिकलेले असते आणि शरीर त्याला साथ देत नाही. किंवा शरीराची तक्रार नसते, पण दुखण्याच्या आठवणीमुळे मूल शिकायलाच तयार नसते. आपली अट फक्त कोरडेपणा मोजते, म्हणजे त्या महिन्यात आजार कोणत्या टप्प्यावर आहे एवढेच मोजते. त्यावरून मुलाच्या समजेविषयी, तयारीविषयी किंवा आईवडिलांच्या प्रयत्नांविषयी काहीही कळत नाही.

आमच्या घरचेच उदाहरण घेऊन हे सविस्तर सांगते. नेफ्रॉटिक सिंड्रोममध्ये मूत्रपिंडातील गाळणी सैल पडते आणि रक्तातली प्रथिने लघवीवाटे वाहून जातात. रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन घटले की पाणी रक्तवाहिन्यांबाहेर झिरपते आणि पापण्या, पावले, पोट सुजते. मुलग्यांमध्ये अंडकोषही इतके सुजू शकतात की पॉटीवर बसणे नकोसे होते. हा आजार बहुधा दोन ते सहा वर्षांच्या दरम्यान सुरू होतो, म्हणजे जेव्हा बाकीची मुले डायपर सोडत असतात अगदी त्याच काळात. उपचार प्रामुख्याने स्टेरॉइडचे असतात. बहुतेक मुलांना त्यांचा गुण येतो, पण त्यातल्या बहुतेकांचा आजार पुढे कधी ना कधी उलटतो, आणि काहींचा वारंवार उलटतो. उलटल्यावर औषधाचा डोस पुन्हा वाढतो, त्याबरोबर भूक आणि चिडचिड वाढते, सूज जास्त असेल तर लघवी वाढवणारे औषध दिले जाते, आणि इथे डायपर परत येतो.

तो का येतो याचा हिशेब अवघड नाही. मुलाच्या मूत्राशयाची क्षमता काढण्याचे बालरोगतज्ज्ञांचे एक साधे सूत्र आहे : वयाच्या वर्षांत एक मिळवायचा आणि ३० ने गुणायचे. तीन वर्षांच्या मुलासाठी उत्तर १२० मिलिलिटर येते. लहान मुलाला एरवी दर किलो वजनामागे तासाला साधारण एक ते दोन मिलिलिटर लघवी होते, म्हणजे १४ किलोच्या मुलाला तासाला १४ ते २८ मिलिलिटर. या वेगाने मूत्राशय भरायला काही तास लागतात, त्यामुळे दोन तासांनी शूला नेले तरी चालते. फ्युरोसेमाइडसारखे लघवी वाढवणारे औषध तोंडावाटे दिल्यावर तासाभरात काम सुरू करते, पहिल्या एक-दोन तासांत त्याचा जोर सर्वाधिक असतो आणि परिणाम सहा ते आठ तास टिकतो. लघवीचा वेग समजा पाचपट झाला, तर तेच मूत्राशय तासा-दीड तासात काठोकाठ भरते. सकाळचा डोस घेऊन आलेल्या मुलाच्या बाबतीत ही वेळ नेमकी आपल्या वर्गाची असते. शिवाय मूत्राशय असे झपाट्याने भरले की ‘लागली आहे’ हे जाणवणे आणि शू होणे यांत मुलाला सांगण्यापुरतीही फुरसत मिळत नाही. मोठी माणसेसुद्धा हे औषध घेतल्यावर प्रवासाला निघणे टाळतात; तीन वर्षांच्या मुलाने त्याच औषधावर गोल करून बसून गोष्ट संपेपर्यंत थांबावे, अशी अपेक्षा आपण करत असतो.

याहून विचित्र गोष्ट पुढे आहे. स्टेरॉइड लागू पडू लागले की शरीरात साचलेले पाणी लघवीवाटे बाहेर पडू लागते. ते आठवडाभर चालते, भरपूर चालते, आणि त्या दिवसांत मूल सर्वाधिक भिजते. डॉक्टर आणि पालक ज्या भिजण्याची वाट पाहत असतात, बरे होण्याची जी पहिली ठळक खूण असते, तीच वर्गात ‘मूल मागे गेले’ म्हणून नोंदवली जाते. त्या आठवड्यात शिक्षिकेने आईला बाजूला घेऊन ‘घरी जरा लक्ष द्या’ असे सांगितले, तर त्या आईला काय वाटत असेल याचा आपण विचार करावा.

खरे तर अशा घरात पॉटीचा वापर इतरांपेक्षा जास्तच होतो. या आजारात रोज सकाळची पहिली लघवी पट्टीने तपासायची असते. पट्टीच्या रंगावरून प्रथिने किती जात आहेत ते कळते, आणि सलग तीन दिवस तीन अधिकचिन्हे (+++) किंवा त्याहून जास्त आल्यास आजार उलटला असे धरून डॉक्टरांना कळवायचे असते. डायपरमधून लघवी मिळवणे कटकटीचे आहे, पॉटीतून मिळवणे सोपे. त्यामुळे माझ्या मुलाला सकाळी उठल्यावर पॉटीत शू करणे हे फार लवकर जमले. पट्टीचा रंग बदलतो का ते तो माझ्याआधी वाकून पाहतो. या मुलाला आपल्या भाषेत ‘टॉयलेट ट्रेन’ झालेले म्हणायचे की नाही? अर्जातल्या दोन चौकटींत याचे उत्तर बसत नाही.

लघवीविषयी एवढे बोलले जाते, शीविषयी मात्र संकोच वाटतो म्हणून कोणी बोलत नाही. या अटीचे सर्वाधिक नुकसान तिथेच होते, म्हणून मी त्यावर जरा थांबणार आहे. आधीच्या आजारामुळे, शस्त्रक्रियेमुळे किंवा औषधांमुळे ज्यांना बद्धकोष्ठता होते अशी मुले पुष्कळ असतात : हिर्शस्प्रुंग या आतड्याच्या जन्मजात आजारासाठी शस्त्रक्रिया झालेली, थायरॉइड कमी असलेली, कर्करोगाच्या काही औषधांवर असलेली, मज्जारज्जूचा जन्मजात दोष असलेली. कोणताही आजार नसलेल्या मुलांतही ती सर्रास दिसते. एकदा शी कडक होऊन दुखली की मूल पुढच्या वेळी ती धरून ठेवते. ते पाय एकमेकांवर आवळते, टाचा उचलून चवड्यांवर उभे राहते, कपाटामागे किंवा पडद्याआड जाते, चेहरा लाल होतो. पाहणाऱ्याला वाटते की ते जोर करत आहे; प्रत्यक्षात ते सगळा जोर लावून शी आत ठेवत असते. आत राहिलेली शी आणखी कडक होते, गुदाशय ताणला जातो, आणि ताणलेल्या गुदाशयाला भरल्याची जाणीव कमी होत जाते. मग कडक शीच्या कडेने पातळ शी पाझरते आणि चड्डी खराब होते. त्या मुलाला ते कळलेलेच नसते. ‘एवढा मोठा झालास आणि कळत नाही का’ या प्रश्नाचे खरे उत्तर ‘नाही, कळत नाही’ असे असते. भरलेला गुदाशय शेजारच्या मूत्राशयावर दाबही आणतो, त्यामुळे त्याच मुलाची लघवीही गळते आणि लघवीच्या संसर्गाची शक्यता वाढते.

यावर उपाय आहे, पण तो सावकाश चालतो. पॉलिएथिलीन ग्लायकॉल किंवा लॅक्टुलोजसारख्या औषधाने आतडे आधी रिकामे करावे लागते आणि नंतर शी कित्येक महिने मऊ ठेवावी लागते, कारण ताणलेला गुदाशय पूर्ववत व्हायला आणि दुखण्याची आठवण पुसट व्हायला तेवढा वेळ लागतोच. त्याबरोबर खाल्ल्यानंतर पाच-दहा मिनिटे पॉटीवर निवांत बसवायचे असते, कारण पोटात अन्न गेले की मोठ्या आतड्याला आपोआप चालना मिळते. पाय अधांतरी लोंबकळता कामा नयेत; खाली पाट किंवा छोटे स्टूल असावे आणि गुडघे कमरेपेक्षा थोडे वर यावेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे या काळात शीसाठी मूल डायपर मागत असेल तर तो त्याला द्यायचा असतो. डायपर काढून घेतला तर पॉटीवर शी होईल, ही आशा असते. बहुतेक वेळा मूल शी धरून ठेवते आणि आजार बळावतो.

आता या चित्रात आपली अट ठेवून पाहावी. वर्ग सुरू व्हायच्या आधीच्या सुट्टीत घरोघरी डायपर सोडवण्याची घाई उडते. निरोगी मूल ती घाई बहुधा पचवते. ज्याचे गुदाशय आधीच ताणलेले आहे ते मूल त्या आठवड्यांत शी धरायला शिकते, किंवा धरत असेल तर आणखी घट्ट धरू लागते. बालरोगतज्ज्ञ सांगत असतात की इतक्यात डायपर काढू नका. प्रवेशाचा अर्ज सांगत असतो की महिनाअखेरपर्यंत काढा. पालक प्रवेश गमवायला तयार नसतात, म्हणून अर्जाचे ऐकतात. एखादी प्रशासकीय ओळ उपचाराच्या विरुद्ध दिशेने ओढत असेल, तर ती केवळ गैरसोयीची राहत नाही, ती अपायकारक ठरते. या पत्रातले दुसरे काहीही लक्षात राहिले नाही तरी चालेल, हे राहावे.

पाण्याबाबतही असेच आहे. मुले भिजू नयेत म्हणून वर्गात पाणी कमी दिले जाते, किंवा ‘आताच शू करून आलास ना, मग आता पाणी नको’ असे सांगितले जाते, हे आपल्यालाही माहीत आहे. सिकल सेल हा लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार असलेल्या मुलाची मूत्रपिंडे लघवी घट्ट करू शकत नाहीत. त्याला पातळ लघवी भरपूर होते, म्हणून त्याला पाणी जास्त लागते, आणि शरीरातले पाणी कमी झाल्यास तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. बद्धकोष्ठता असलेल्या मुलाची शी पाण्याअभावी आणखी कडक होते. टाईप १ मधुमेहात साखर वाढली की मूल वारंवार लघवी करते आणि तितकेच पाणी मागते. ते पाणी नाकारणे धोक्याचे आहे. आजारी मुलाने किती पाणी प्यावे हे त्याचे डॉक्टर ठरवतात, आणि क्वचित ते कमी प्यायलाही सांगतात. ओल्या चड्डीची संख्या कमी करण्यासाठी तो निर्णय वर्गात घेतला जाऊ नये.

मधुमेहाचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट सर्व मुलांसाठी नोंदवून ठेवावी अशी आहे. जे मूल महिनोन्‌महिने कोरडे राहत होते ते अचानक भिजू लागले, सतत तहानलेले दिसू लागले, मलूल झाले आणि वजनाने उतरले, तर तो टाईप १ मधुमेह असू शकतो, आणि त्याच दिवशी रक्तातली साखर तपासली जायला हवी. निदानाला उशीर झाल्यास रक्तात आम्ल साचून जिवावर बेतते. मूल दिवसाचे काही तास आपल्याकडे असते, त्यामुळे हा बदल कदाचित आपल्या शिक्षिकेच्याच आधी लक्षात येईल. भिजणे ही शिस्तीची बाब मानणाऱ्या वर्गात तो बदल रागावण्यात निघून जाईल. भिजणे ही माहिती मानणाऱ्या वर्गातून पालकांना वेळेवर फोन जाईल.

काही मुलांच्या बाबतीत तर कोरडे राहण्याचा मार्गच निराळा असतो. मज्जारज्जूच्या जन्मजात दोषात, म्हणजे स्पायना बायफिडात, मूत्राशयाच्या मज्जातंतूंचे काम बिघडलेले असते. अशा मुलाला कितीही वेळ पॉटीवर बसवले तरी मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही, आणि साचलेली लघवी मूत्रपिंडांना इजा करते. दर काही तासांनी स्वच्छ नळी घालून लघवी काढण्याची जी पद्धत १९७२ साली जॅक लॅपिडेस या अमेरिकन मूत्ररोगतज्ज्ञांनी मांडली, तिने अशा असंख्य मुलांची मूत्रपिंडे वाचवली आहेत. घरोघरी आईवडील ती शिकतात आणि पुढे मुले स्वतः शिकतात. त्यासाठी शस्त्रक्रियेची खोली लागत नाही, स्वच्छ हात आणि आडोसा लागतो. मात्र या मुलांमध्ये लॅटेक्सची, म्हणजे नैसर्गिक रबराची, ॲलर्जी बरीच आढळते आणि ती गंभीर असू शकते, म्हणून डायपर बदलण्याच्या जागी ठेवलेले हातमोजे लॅटेक्सविरहित असावेत. अपस्मार, म्हणजे फिट येण्याचा आजार, असलेल्या मुलाला झटक्याच्या वेळी लघवी होऊ शकते, तिचा शिकण्याशी काडीचाही संबंध नसतो.

‘अमुक वयापर्यंत जमायलाच हवे’ ही कल्पनाही तपासून पाहण्यासारखी आहे. टी. बेरी ब्राझेल्टन या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी १९६२ साली आपल्याकडे येणाऱ्या १,१७० मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली आणि मुलाच्या तयारीच्या खुणा पाहून, अठरा महिन्यांनंतर, त्याच्या कलाने शिकवावे असे सुचवले. त्या मुलांना दिवसा कोरडे राहणे सरासरी साडेअठ्ठावीस महिन्यांच्या सुमारास जमले. सरासरी म्हणजे बरीच मुले त्याच्या पुढेच होती, हे या आकड्याचा आधार घेणारे विसरतात. तयारीच्या खुणाही सर्वांना ठाऊक आहेत : दोनेक तास कोरडे राहणे, साधी सूचना समजणे, चड्डी खाली करता येणे, लागल्याचे सांगता येणे. यांतली पहिली खूण माझ्या मुलाकडे कधी असते, कधी नसते. बाकीच्या सगळ्या कायम असतात. एका खुणेसाठी बाकीच्या रद्द कराव्यात असे त्या मांडणीत कुठेही सुचवलेले नाही.

रुग्णालयात वारंवार राहून आलेल्या मुलाबद्दल आणखी एक गोष्ट आहे, जी कोणत्याही तपासणीत दिसत नाही. नळ्या, एनिमा, सुया आणि अनोळखी हात यांतून गेलेले मूल कमरेखाली कोणी स्पर्श केला की ताठ होते. वर्गातले नवे शौचालय, पाण्याचा मोठा आवाज, दाराबाहेर थांबलेली अनोळखी व्यक्ती, एवढ्यानेही ते शू धरून ठेवते. मुक्कामाहून परतल्यावर आलेली गोष्ट काही काळ जाते, हे बालरोगतज्ज्ञांच्या रोजच्या पाहण्यातले आहे. ती परतही येते, बहुधा कोणी तिच्यामागे लागले नाही तर लवकर येते. अशा मुलाची चड्डी बदलायची तर दर वेळी तीच एक-दोन माणसे असावीत, त्यांनी हात लावण्यापूर्वी काय करणार ते सांगावे, आडोसा असावा आणि दाराची फट सहकाऱ्याला दिसेल एवढी उघडी असावी. मुलाची अब्रू आणि मुलाची सुरक्षितता या दोन्हींची काळजी एकदमच घ्यावी लागते. इतर मुलांसमोर ‘बघा, याने पुन्हा केली’ असे म्हणणे ही मात्र कोणत्याही आजारापेक्षा जास्त दिवस टिकणारी इजा आहे, आणि ती टाळायला पैसे लागत नाहीत.

आपल्या अडचणी मला दिसत नाहीत असे नाही. एका खोलीत पंधरा-वीस मुले आणि दोन मोठी माणसे असतात. त्यातले एक माणूस डायपर बदलायला गेले की दुसऱ्यावर सगळा भार पडतो. ही अडचण खरी आहे आणि तिच्यावर मनुष्यबळाखेरीज उपाय नाही. पण ज्या वर्गात अडीच-तीन वर्षांची मुले आहेत तिथे चड्ड्या ओल्या होणारच आहेत, अट घातल्यानंतरही होतात, आणि त्या बदलायला कोणीतरी जातेच. ठरलेल्या वेळी बदलायचा एक डायपर हा अवचित ओल्या झालेल्या चड्डीपेक्षा आणि जमिनीवरच्या ओलीपेक्षा कमी वेळ घेतो.

स्वच्छतेचा मुद्दा मला तितकासा पटत नाही. हातमोजे, धुता येईल असे वेगळे अंथरूण, झाकणाचा डबा, दर वेळी साबणाने हात धुणे, हे सर्व निरोगी मुलासाठीही आवश्यकच आहे, कारण निरोगी दिसणाऱ्या लहान मुलांच्या शीतून आणि लघवीतूनही काही विषाणू बाहेर पडत असतात. उलट स्टेरॉइडवर असलेल्या, सूज असलेल्या मुलाची त्वचा नाजूक असते आणि ओला डायपर तसाच राहिला तर तिला संसर्ग होतो. स्वच्छतेचा खरा धोका आहे तो त्याला. केमोथेरपी चालू असलेल्या मुलाची गोष्ट थोडी वेगळी आहे : औषधानंतर साधारण दोन ते तीन दिवस त्याच्या लघवीत आणि शीत औषधाचा अंश असतो, म्हणून तेव्हा हातमोजे सक्तीचे असावेत आणि बदलणारी व्यक्ती गरोदर नसावी. पालकांनी या तारखा आधी कळवल्या म्हणजे झाले.

‘एकाला सूट दिली तर सगळेच मागतील’ असेही ऐकायला मिळते. मागू द्यावी. ज्याला आजार नाही त्याचे पालक बालरोगतज्ज्ञांचे पत्र आणणार नाहीत, आणि आणले तर त्या मुलाला काहीतरी त्रास आहेच.

माझी मागणी अटीच्या जागी काहीच नसावे अशी नाही. तिच्या जागी एक पानाचा आराखडा असावा अशी आहे. त्यात मुलाच्या आजाराचे नाव आणि त्याचा लघवी-शीवर होणारा परिणाम डॉक्टरांनी दोन-चार सोप्या वाक्यांत लिहावा. औषध किती वाजता दिले जाते, त्यानंतर किती वेळ मुलाला अधिक वेळा न्यावे लागेल, डायपर नेहमी लागतो की फक्त आजार उलटल्यावर, मूल शू-शीसाठी कोणते शब्द किंवा खुणा वापरते, कोणाकडून बदलून घेते, पाण्याबद्दल काय सूचना आहे, हे पालकांनी लिहावे. मुलाला परवानगी न विचारता केव्हाही शौचालयात जाता येईल, हे संस्थेने लिहून द्यावे. आणि सर्वांत खाली, ठळक अक्षरांत, कोणत्या वेळी ताबडतोब फोन करायचा ते असावे, कारण ते आजारागणिक बदलते : माझ्या मुलाच्या बाबतीत पापण्यांवरची सूज, ताप, पोटदुखी किंवा फार कमी झालेली लघवी, हिर्शस्प्रुंगची शस्त्रक्रिया झालेल्या मुलाच्या बाबतीत फुगलेले पोट, ताप आणि दुर्गंधीयुक्त जुलाब, ज्यात संध्याकाळपर्यंत थांबता येत नाही. दर तीन-चार महिन्यांनी किंवा औषध बदलले की हे पान नव्याने भरावे.

पालकांचे कर्तव्यही यात आहे. डायपर, बदलायचे कपडे, हातमोजे आणि पुसण्याचे साहित्य आम्ही पुरवू. घरी आजार उलटल्याची खूण दिसली की त्याच सकाळी कळवू; ‘आज बघू, कदाचित निभेल’ म्हणून लपवणार नाही. लपवण्याची पाळी आज येते ती प्रवेश जाईल या भीतीने, आणि ती भीती निर्माण करणारी ओळ आपल्याच अर्जात आहे.

कायद्याच्या भाषेत बोलण्याची माझी इच्छा नाही, तरी नोंद असावी म्हणून लिहिते. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातील २३ वा अनुच्छेद अपंगत्व असलेल्या मुलाचा विशेष काळजीचा आणि शिक्षणाची संधी मिळण्याचा हक्क मान्य करतो. २००६ चा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार दीर्घकालीन शारीरिक कमतरतांचाही विचार करतो आणि वाजवी सोय नाकारणे हा भेदभावाचाच प्रकार मानतो. डायपर बदलण्यासाठी एक आडोसा आणि दहा मिनिटे ही अवाजवी सोय आहे असे कोणी म्हणेल असे वाटत नाही.

तेव्हा माझी विनंती अशी. प्रवेश अर्जातली ‘डायपर पूर्णपणे सुटलेला असावा’ ही ओळ काढावी आणि तिथे हा प्रश्न छापावा : ‘शी-शूसाठी मुलाला कोणती मदत लागते, केव्हा लागते आणि ती कोणी व कशी करावी?’ त्याखाली होय-नाहीच्या चौकटी न देता चार-पाच ओळींची मोकळी जागा सोडावी. दीर्घ आजार असल्यास डॉक्टरांचे पत्र जोडण्यास सांगावे. ज्या मुलांचे अर्ज केवळ त्या जुन्या ओळीमुळे परत गेले, त्यांच्या पालकांना जागा शिल्लक असेपर्यंत पुन्हा बोलवावे आणि पुढील वर्षाचे अर्ज छपाईला जाण्यापूर्वी हा बदल करावा.

कळावे,

आपली नम्र,
एका साडेतीन वर्षांच्या मुलाची आई